खासगी ते वेगळ्या चिठ्ठीवर

हायडेलबर्ग,
२ नोव्हेंबर

प्रिय बाबा,
सविनय जयभीम.

आधी खुशाली. अनुप जावईबापूंची पाठ पुन्हा धरली आहे, ईप्सिताच्या शाळेत सायकलची परीक्षा आहे, आणि मला दोन आठवडे धड झोप नाही. कारण फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मध्ये गयाआत्या बसली की निम्मं माझं पोचतं नि निम्मं तिचं. म्हणून नेहमीसारखं पत्र.

इथं नवा राष्ट्रपती निवडायचा आहे. आपल्याकडे खासदार-आमदार मत देतात ना, तसंच थोडंफार. इथं सगळे खासदार असतात, आणि तितकीच माणसं राज्यांच्या विधानसभा पाठवतात. पण ती माणसं पुढारीच असावीत असा नियम नाही. फुटबॉलवाला, नटी, नर्स, कोणीही चालतं. मग प्रत्येक पक्ष आपल्या यादीत अशी चार नावं घालतो, म्हणजे टीव्हीवर बरं दिसतं. आमच्या राज्यातल्या एका पक्षानं या वेळी माझं नाव घातलं आहे. मी त्या पक्षाची सभासदही नाही. सोळा डिसेंबरला स्टुटगार्टच्या विधानसभेत यादी मंजूर झाली की जानेवारीअखेर मी बर्लिनला जाऊन मत देणार.

दोन वर्षांपूर्वी मी भारताचा पासपोर्ट परत केला तेव्हा तुम्ही महिनाभर पत्र लिहिलं नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण मला कळलं होतं. आता निदान सांगायला तोंड आहे, की बघा, यासाठी केलं.

आनंद आहे, पण धास्तीच जास्त आहे. गेल्या आठवड्यात पक्षाचा फोटोग्राफर आला. मला म्हणाला, पांढरा कोट घाला आणि मायक्रोस्कोपमध्ये बघा. मी त्याला सांगितलं, मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे आकडे बघते, माझा कोट तीन वर्षं खुंटीला आहे. तो म्हणाला, हो हो, पण लोकांना कळायला हवं ना तुम्ही शास्त्रज्ञ आहात. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या मुलीचा कोट घातला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

मग पक्षाचा उमेदवार भेटला, योहान्नेस क्राम्प. वीस वर्षं टीव्हीवर मुलाखती घेतोय, इथं शेंबडं पोर त्याला ओळखतं. चार मिनिटं त्यानं माझा हात धरून ठेवला आणि चारही मिनिटं कॅमेऱ्याकडे बघून माझ्याशी बोलला. मी कशावर काम करते ते विचारलं नाही. साडी का नाही नेसलात, एवढं मात्र विचारलं.

दुसऱ्या पक्षाच्या उमेदवार लिंडेनाउबाई. निवृत्त न्यायाधीश, दिसायला साध्या, बोलताना अडखळतात. मागे त्यांच्या इथल्या एका सभेला मी गेले होते, जेमतेम चाळीस माणसं. एकानं अवघड प्रश्न विचारला तर बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, वाचून सांगते." खुर्चीसाठी उभं राहिलेलं माणूस असं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. बाबा, मत गुप्त असतं आणि पक्षाच्या यादीतून गेलं म्हणून पक्षालाच द्यायचं असं बंधन नाही. मी माझं मत लिंडेनाउबाईंना देणार. क्राम्प टीव्हीवर छान दिसतो, तर त्याला टीव्हीवरच राहू द्यावं.

मीटिंगची वेळ झाली. पत्र असंच पाकिटात घालते.

तुमची,
हर्षा


मलकापूर,
१६ नोव्हेंबर

चि. हर्षास,
मंगलकामना.

तुझं पत्र बारा तारखेला पोचलं. मुंबईला दोन दिवस पडून होतं हे शिक्क्यावरून कळलं. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण पाकीट हातात आलं की आधी शिक्का बघतो. खोड जात नाही.

पत्र चारदा वाचलं. मग काल रविवारी वंदना झाल्यावर विहारात वाचलं. तू हॉस्टेलला गेलीस तेव्हापासून तुझी पत्रं तिथंच वाचतो, आता तर लोकच विचारतात, काका, हर्षाचं आलं का? तुझी खासगी चिठ्ठी पाकिटात वेगळी घडी करून असते ती मी खिशात ठेवतो. या वेळी तशी चिठ्ठी नव्हती, म्हणून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सगळं वाचलं. सत्तर-पंच्याहत्तर माणसं होती. कोटाच्या बाह्यांना लोक हसले. आणि टीव्हीवाल्याला टीव्हीवरच राहू द्यावं म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या, मला दोन मिनिटं थांबावं लागलं.

गयाबाई गल्लीत सांगत फिरते, "आमच्या पोरीले जर्मनीचा राष्ट्रपती निवडाले बलावलं." मी म्हटलं, एकटीला नाही, हजारावर माणसं असतात. ती म्हणाली, "ते तू कायले सांगतं लोकायले?"

दीनानाथनं सगळं मोबाईलवर घेतलं. तो या वेळी नगरपालिकेला उभा आहे. बसस्टँडवर त्यानं तुझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला आहे. त्यात त्याचा फोटो मोठा, माझा मधला आणि तुझा कोपऱ्यात, तोही बारावीचा.

पासपोर्टाचं तू लिहिलंस. हो, मला राग आला होता. तुझी आई असती तर तिनं मला समजावलं असतं, एकट्यानं समजून घ्यायला वेळ लागला. काल विहारात उभा होतो तेव्हा तो राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

झोप जात असेल तर दूध घेत जा. एवढी मोठी गोष्ट, घाबरायचं कशाला?

तुझा,
बाबा


हायडेलबर्ग,
२६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,
सविनय जयभीम.

हे अख्खं पत्र वेगळी चिठ्ठी समजा. विहारात वाचू नका, आत्यालाही दाखवू नका. कुरियरनं पाठवते आहे.

तुमचं पत्र काल आलं. त्यातली बातमी पाच दिवस आधीच आली होती. दीनानाथनं ते रेकॉर्डिंग टाकलं, ते फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलं, आणि तिथल्या कोणीतरी कौतुकानं खाली जर्मन ओळी घातल्या. मला शोधूनही भाषांतरात एक चूक सापडली नाही. शनिवारी इथल्या एका मोठ्या पेपरच्या पहिल्या पानावर मी होते, त्या ढगळ कोटात. वर ठळक अक्षरांत, "टीव्हीवरच राहू द्यावं!"

तेव्हापासून काय चाललं आहे, कसं सांगू? इन्स्टिट्यूटच्या दारात दोन-तीन वार्ताहर असतात. सोमवारी एकानं ईप्सिताचा सायकलवर फोटो काढला, आमच्या घराचा नंबर दिसेल असा. अनुप त्याच्या अंगावर धावून गेला, मग त्याचाही निघाला. ईमेल उघडायची भीती वाटते. निम्मे लोक मला शूर म्हणतात, निम्मे म्हणतात जिथून आलीस तिथं जा. दाराची घंटा वाजली की आधी पडद्याआडून बघते, आणि बहुतेक वेळा ते शेजाऱ्यांचं पार्सल असतं.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. खासगी ते वेगळ्या चिठ्ठीवर, हा नियम मीच केला होता. हॉस्टेलमधून पहिलं पत्र लिहिलं तेव्हा. मीटिंगच्या घाईत मीच तो मोडला. तुम्ही विहारात वाचणार हे मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आता खरं सांगायचं ते. परवा पक्षाच्या फ्राउ ब्रेन्डेल घरी आल्या. गोड बाई. केक घेऊन आल्या. म्हणाल्या, नाट्युर्लिश, अर्थातच मत तुमचं आहे, कोणाला द्याल ते द्या, फक्त हा गाजावाजा मिटवायला हवा. त्यांनी एक कागद आणला होता, निवेदन. मी फक्त सही करायची. त्यात लिहिलं आहे की माझे वृद्ध वडील भारतात एका खेड्यात राहतात, त्यांना इथलं राजकारण कळत नाही, आणि पत्र वाचताना त्यांनी उमेदवारांबद्दलचा मजकूर आपल्या मनानं घातला. चौदा तारखेपर्यंत सही झाली तर सोळाच्या यादीत माझं नाव राहील. नाही झाली तर राहणार नाही.

मी त्यांना सांगितलं, मलकापूर खेडं नाही. तेवढंच तोंडातून निघालं.

सही केलेली नाही, बाबा. पण नाहीही म्हटलेलं नाही. कागद फ्रीजवर चुंबकाखाली आहे, दूध काढताना रोज दिसतो. मला बर्लिनला जायचं आहे. तेरा वर्षं इथं राहून पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलंय, आणि ते फोटोसाठी विचारलं असलं तरी मत खरं आहे. मनात येतं, मलकापुरात जर्मन पेपर कोण वाचतो? तुम्हाला कळणारही नाही. असं मनात आलं म्हणून तुम्हाला लिहून टाकते आहे, म्हणजे तुम्हाला कळेल आणि मला ते करता येणार नाही. किंवा येईल. मला खरंच माहीत नाही.

उत्तर लवकर पाठवा.

हर्षा


मलकापूर,
७ डिसेंबर

चि. हर्षास,
मंगलकामना.

तुझं पत्र तीन तारखेला मिळालं. कोणाला दाखवलं नाही. गयाबाईनं विचारलं, मी म्हटलं, तब्येतीचं आहे.

मी अडतीस वर्षं टपाल वाटलं. नवऱ्यांची पत्रं बायकांना वाचून दाखवली आणि उंबरा ओलांडला की विसरलो. कोणाचं पाकीट कधी उन्हात धरून बघितलं नाही. आणि स्वतःच्या लेकीचं पत्र पाऊणशे माणसांत वाचलं. वेगळी चिठ्ठी नव्हती हे खरं. पण मत गुप्त असतं असं तू त्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि ते वाक्यही मी मोठ्यानं वाचलं. वाचताना थांबायला हवं होतं. लोकांना मजा येत होती, मलाही येत होती.

काल सहा डिसेंबर. विहार भरलेला होता, बाहेर सतरंज्या टाकल्या होत्या. अभिवादन झाल्यावर मी यशवंतला म्हटलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. तो आता समितीचा अध्यक्ष आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं की हर्षाच्या पत्रात त्या दोन उमेदवारांचं काही नव्हतं, टाळ्या मिळाव्यात म्हणून ते मी माझ्या मनानं जोडलं. दीनानाथ मोबाईल खाली ठेवत होता. मी म्हटलं, ठेवू नको, घे, नीट घे आणि मागचं जिथं जिथं पाठवलंस तिथं हेही पाठव.

पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर सावरले. जेवताना माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, पण गर्दीच इतकी होती की ते मुद्दाम होतं असं म्हणता येणार नाही. आज सकाळी बसस्टँडवरून फ्लेक्स उतरला. गयाबाई दारातून ओरडून गेली, "म्हाताऱ्या, तू खोटं वाचाले लागला का खोटं बोलाले लागला?" ती बरोबर ओळखते.

आज कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. सोबत जोडलं आहे. "मी, यादवराव सखाराम तायडे, वय ७६, सेवानिवृत्त पोस्टमन, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की सदर मजकूर माझ्या मनचा असून माझ्या मुलीचा त्याच्याशी संबंध नाही." नोटरीनं विचारलं, काका, कोणी दबाव आणला का? मी म्हटलं, छे.

त्या बाईच्या कागदावर सही कर. आता त्यात खोटं काही राहिलं नाही, मी स्वतःच तसं म्हटलं आहे. तू बर्लिनला जा. माझं इथं निभावेल.

तुझा,
बाबा


हायडेलबर्ग,
१७ डिसेंबर

बाबा,

तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

मी रागानं लिहिते आहे आणि रडतेही आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घ्या. तुमचं प्रतिज्ञापत्र आज आलं. दीनानाथचा व्हिडिओ आठ तारखेलाच आला होता, तोही जर्मन ओळींसकट. फ्राउ ब्रेन्डेलचा लगेच फोन. "तुमचे वडील किती समजूतदार आहेत हो! आता तर काहीच अडचण नाही." बाबा, ती मनापासून खूश होती. तिच्या दृष्टीनं सगळं सुरळीत झालं होतं.

व्हिडिओ मी एकटीनं बघायला हवा होता. ईप्सिता मागे उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं जर्मनमध्ये येतं. तुम्ही पांढऱ्या शर्टात उभे, हात मागे बांधलेले. बघून झाल्यावर तुमच्या या नातीनं विचारलं, "ओपा तेव्हा खोटं बोलले की आत्ता बोलतायत?" मी म्हटलं, आत्ता. ती म्हणाली, "मग तू ते लोकांना सांगणार ना?" आल्झो, तर बाबा, दहा वर्षांच्या मुलीला यात काही अवघड वाटत नव्हतं. मला वाटत होतं. मी आणखी सहा दिवस काढले. त्या सहा दिवसांत दोनदा पेन हातात घेतलं होतं, हेही लिहून ठेवते, म्हणजे मी फार मोठी आहे असं तुम्ही समजणार नाही.

चौदाला स्टुटगार्टला गेले आणि कागद सही न करताच परत दिला. बाहेर वार्ताहर होते. त्यांना सांगितलं, "माझ्या वडिलांनी नोव्हेंबरात माझं पत्र शब्दन् शब्द वाचलं. मला वाचवण्यासाठी ते या महिन्यात पहिल्यांदा खोटं बोलले." मग एका बाईनं विचारलं, म्हणजे तुमचं मत क्राम्पना नाही? मी म्हटलं, मत गुप्त असतं. ती हसली. मलाही हसू आलं, उशिरा सुचलेलं शहाणपण.

काल यादी मंजूर झाली. माझ्या जागी टीव्हीवर केक करायला शिकवणारा एक शेफ आहे. क्राम्पनं त्याच्याबरोबर फोटो काढलाय.

मला वाईट वाटतंय. खूप. वाटत नाही असं लिहिणार होते, पण या घरात एक जण खोटं बोलून बसला आहे, तेवढं पुरे. पण दारातले वार्ताहर आजपासून गेले, आणि काल रात्री मी आठ तास झोपले.

आता माझं एक ऐका. हे पत्र विहारात वाचा. पूर्ण, पहिल्या ओळीपासून. यात वेगळी चिठ्ठी नाही. पेपरातलं कात्रणही जोडते आहे. तुम्ही त्या लोकांत मान खाली घालून बसलेले मला चालणार नाही.

तुमची,
हर्षा


मलकापूर,
२८ डिसेंबर

चि. हर्षास,
मंगलकामना.

पत्र शनिवारी मिळालं. काल वाचलं, तू म्हणालीस तसं, विहारात.

आधी यशवंत नको म्हणत होता. म्हणाला, काका, झालं गेलं, कशाला पुन्हा? मी हट्ट धरला. सगळं वाचलं. तू त्या कागदावर सही केली नाहीस ते, ईप्सितानं विचारलं ते, आणि पत्रकारांना जे सांगितलंस ते. माझ्या बापानं शब्दन् शब्द वाचलं, असं तू सगळ्या जर्मनीसमोर म्हटलंस, ते वाचताना मला पुढचं दिसेना, बाहीनं डोळे पुसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला.

वाचून झालं तर लोक खाली सतरंजीकडे बघत बसले. मग मला कळलं, हर्षा. तीन आठवड्यांपूर्वी ज्या माणसानं उभं राहून सांगितलं की मी लेकीच्या पत्रात आपल्या मनचं घालतो, तोच माणूस आता लेकीचं पत्र वाचत होता, आणि त्यात म्हणे लिहिलं होतं की बाप खरा आहे. कोण विश्वास ठेवील? मी तरी ठेवला असता का?

मी पत्र पुढे धरलं. म्हटलं, घ्या, अक्षर बघा, हर्षाचंच आहे. इतकी माणसं होती, एकानंही हात पुढे केला नाही. हात पुढे करायचा म्हणजे माझ्या तोंडावर माझ्यावर शंका घ्यायची, आणि तेवढी मर्यादा ते अजून माझी राखतात. कात्रण दाखवलं तर ते जर्मनमध्ये. दीनानाथनं या वेळी मोबाईल काढला नाही. शेवटी यशवंत उठला, त्यानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "काका, बसा आता. पोरगी लय चांगली हाय तुमची." मी बसलो.

गयाबाईनं मात्र बाहेर आल्यावर पत्र मागून घेतलं. तिला वाचता येत नाही. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं आणि काल रात्री भाजी पाठवली.

तुझी जागा माझ्यामुळे गेली, हे मला आता कोणत्याही कागदावर लिहून परत करता येणार नाही. त्याचं दुःख आहे. पण तू मला खरं ठरवलंस, ते मला पुरतं. विहाराला नाही पटलं तरी पुरतं, असं रोज सकाळी स्वतःला सांगतो, आणि रविवार जवळ आला की पुरत नाही.

म्हणून एक मागतो. कधी काही मागितलं नाही. उन्हाळ्यात ये, ईप्सिताला घेऊन ये. तुझं ते पत्र विहारात तू स्वतः वाच, तुझ्या आवाजात. मी अगदी पुढे बसेन, म्हणजे मला ऐकू येईल.

तुझा,
बाबा